फोटोतला वाटा

हॅलो?… हॅलो? हो, वर्षालीच बोलतेय… कोण, जान्हवी? अगं जरा मोठ्याने बोल, इकडे वारा आहे. खिडकीपाशी उभी आहे मी, ही वायर एवढीच पुरते.

तासभर लावतेयस? मग लागेल कसा? मी नेटवर होते. एकच लाइन आहे गं घरात. नेट चालू असलं की फोन बंद, फोन चालू असला की नेट बंद… हो, आत्ता नेट तोडलं म्हणून तर वाजला. तुम्हाला पुण्यात बसून नाही कळायचं ते. आमच्या वाडीत एवढा एकच कॉम्प्युटर. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, खारा वारा लागून त्याचे स्क्रू गंजायला लागलेत, आणि मी त्याच्यावर नेटवरचं दुकान बांधतेय.

बरं, काय झालं सांग. तुझा आवाज असा का येतोय?

दुकानाला काय झालं? सकाळी तर चालत होतं. तू दिलेली ऑर्डर आली ना मला. खारे बांगडे, एक वाटा. किंमत लागली, कर लागला, पार्सलचा खर्च लागला, पत्त्यात महाराष्ट्र आला… हो गं, आला एकदाचा. त्या महाराष्ट्रासाठी चार दिवस घालवलेत मी. त्या कॉमर्स सर्व्हरबरोबर जे नमुन्याचं दुकान येतं ना, त्यात पत्त्याला पन्नास अमेरिकन राज्यं. एकेक करून पुसली. अलाबामा, अलास्का, ॲरिझोना… तोंडपाठ झालीत मला. आणि त्या नमुन्याच्या दुकानात विकायला काय, तर लोकरीचे हातमोजे. मे महिन्यात मी इथे घाम पुसत हातमोजे पुसतेय.

काय? 'पाटीत टाका'? हो, मीच लिहिलं. 'बास्केट' वाचून इथे कोणाला काय कळणार? मासळीवाली माल पाटीतच ठेवते ना… तुझ्या ऑफिसातल्या सरांना हसू आलं? येऊ दे. हसले म्हणजे वाचलं तरी.

हां, मग? दोन वाजता सरांनी बांगडे घ्यायला बघितले… आणि? काय आलं स्क्रीनवर? नीट वाच…

'हा माल शिल्लक नाही'?

शक्य नाही.

अगं शक्य नाही म्हणतेय ना. इथे दारापुढच्या खळ्यात डोळ्यांसमोर बांगडे पसरलेत, मांजराला हाकलून हाकलून हात दुखले माझे, आणि ते म्हणतं शिल्लक नाही?… बरं, सोडे बघ. शेवंतीकाकींची सुकी कोळंबी. टाक पाटीत… गेली ऑर्डर? गेली ना. मग झालं तर… आता परत काय? तेच परत टाकलेस? आणि आता अडली.

म्हणजे पहिली ऑर्डर जाते, दुसरी अडते. थांब, पुस्तक घेते. ही नऊशे पानांची धोंड… हां. ऑर्डर एकेक पायरी उतरत जाते, बरोबर? आधी किंमत, मग कर, मग वाहतूक, मग शिल्लक. ह्या शिल्लकच्या पायरीवर अडतंय. म्हणजे त्या पायरीतच काहीतरी… नाही गं, मी काही उलटसुलट केलेलं नाही. पुस्तकात आहे तसंच केलंय. चारशे बारावं पान. खुणेला बांगड्याचा काटा ठेवलाय, दाखवू?

मग माझ्यावर का ओरडतेयस? मी तुझ्यासारखी ऑफिसात कोणाच्या शेजारी बसून नाही शिकले हे. तू एक सीडी आणि एक पुस्तक पार्सल केलंस आणि म्हणालीस, वाच, सोपं आहे. सोपं… अगं वाहतुकीच्या पायरीला वजन हवं म्हणून अडून बसलं होतं ते आठ दिवस. इथे वाटा कोण तोलतं? महादूच्या दुकानात जाऊन त्याच्या तराजूवर वीस वाटे तोलले, सरासरी काढली, तेव्हा गप्प बसलं. महादूने तराजू तीनदा धुतला आणि वर मला ऐकवलं… हो. हो, माहितीय तुझे उपकार आहेत. आत्ता नको ऐकवूस.

ऐक ना. तू तिथूनच मालाचं पान उघड. मी कशी उघडू? फोन ठेवला तरच माझं नेट लागेल… उघडलं? बांगडे काढ. शिल्लकच्या रकान्यात किती?

शून्य. बरोबर, एक गेला. पण आधी किती होते?

एक?

सोडे बघ… एक होता. गोलमो? अगं, बारीक सुकट गं ती, तुळसावहिनींची… तीही एक. मोरी, ती सुकवलेली मुशी? एक… सातच्या सात मालांना एकेक.

अगं पण मी तर चाळीस… नाही. थांब. मी चाळीस कुठे घातले? मी विचारलं होतं. त्या दिवशी सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मी एकेक फोटो चढवत होते आणि दर फोटोला विचारत होते, आई, हे किती आहेत? आणि त्या दर वेळी म्हणायच्या, एक. मी आपली टाइप करत गेले… नाही गं, मला काही वाटलंसुद्धा नाही. दुपारची वेळ, वीज जायच्या आत संपवायचं होतं. हात चालत होते, डोकं झोपलं होतं. झाली चूक.

थांब, विचारते. इथेच आहेत, खळ्यात.

आई… ओ आई. त्या दिवशी मी तुमका विचारलंय, बांगडे किती आसत, तर तुमी एक कित्याक सांगलात?… व्हय, पण वाटे किती आसत घरात? चाळीस होतले मां? मगे?

…काय?

जान्हवी, ऐकलंस? नाही आलं ऐकू? त्या म्हणतायत, तू फोटो दाखवून विचारत होतीस. फोटोत किती आहेत? फोटोत एकच वाटा आहे. मग एकच.

हो, तेच म्हणाल्या… नाही, मस्करी नाही करत. त्यांना मस्करी जमत नाही… समजावून सांगू? तू ये आणि सांग. बरं, बघते… आई, तो फोटो नुसतो नमुन्याक आसा. दाखवूक. माल तसलोच दुसरो दिवचो…

ऐक काय म्हणतायत. तीस वर्षं मालवणच्या बाजारात बसतेय, म्हणतायत. वाटे मांडलेले असतात, गिऱ्हाईक येतं, वाकून बघतं, बोट दाखवतं, ह्यो. मग तोच वाटा उचलून त्याच्या पिशवीत घालायचा. बोट एका वाट्यावर आणि पिशवीत दुसरा, असं जी करते तिच्यासमोर दुसऱ्या दिवशी कोणी उभं राहत नाही. आणि तुझं ते पुण्याचं गिऱ्हाईक बिचारं वाकूनही बघू शकत नाही, म्हणजे त्याला तर जास्तच जपायला हवं… अगं मला काय सांगतेस? मला माहितीय दुकान म्हणजे काय. नऊशे पानं वाचलीत मी.

वाटा म्हणजे ढीग गं. ठरलेल्या पैशाला एक ढीग. त्यात सहा मोठे, दोन लहान, एखादा शेपटी तुटलेला. प्रत्येक वेगळा. म्हणून तर बोट दाखवायचं.

अजून एक आहे. रागावू नकोस… तू सकाळी ऑर्डर दिलीस ना? हो, टेस्ट. मला माहितीय टेस्ट. पण मला एवढा आनंद झाला की मी इथूनच ओरडले, आई, पुण्यासून ऑर्डर इली. झालं. त्यांनी फोटोतला वाटा बरोबर शोधून काढला, वर्तमानपत्रात बांधला, वर सुतळी, आणि माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. जान्हवी, पुणे. पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, डब्यावर पाटा.

अगं मला कळतंय तू मासे खात नाहीस. त्यांनाही सांगितलं मी. तर म्हणाल्या, मगे बोट कित्याक दाखयल्यान?

हसू नकोस. मला रडायला येतंय आणि तू हसतेस… बरं, हस.

आई, खंय चललात?… शेवंतीकाकींकडे? कित्याक?… नाय, थांबा. ती सोड्यांची ऑर्डरपण हिचीच आसा. तो वाटो बांधूक सांगू नकात त्येंका. आई… गेल्या. माझं बोलणं अर्धं अर्धं ऐकतात आणि चालायला लागतात. जान्हवी, अभिनंदन. तुझे सोडेही बांधले जातायत आता.

हां, बोल… काय? आज?

आज पाच वाजता? तू तर सोमवार म्हणाली होतीस… सरांची पार्टी, म्हणजे दुकान बघणारी मंडळी, आजच आली. म्हणजे ते पाच वाजता दाखवायला बसणार, आणि दुकान दुसरी ऑर्डर घेत नाही… आत्ता सव्वातीन… हो. बरोबर आहे त्यांचं. एकाच गिऱ्हाइकाला पुरणारं दुकान कोण बघेल?

आणि नाही झालं तर? नाही, स्पष्ट सांग. गोड करून सांगू नकोस मला.

सर्व्हरवरची ती जागा दुसऱ्याला… आणि सर मला देणार होते ते, तीन दुकानं घरून बांधायचं काम? तेही दुसऱ्याला.

…

जान्हवी, मला ते काम किती हवंय हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. लग्न ठरलं तेव्हा सगळे हसले होते, आठवतं? कॉम्प्युटर शिकून देवबागला चाललीस, होडीला माउस लावणार का? निकेत एकटा म्हणाला, कॉम्प्युटर घेऊन ये, जागा करू. स्वतःच्या जाळ्यांची जागा रिकामी केली त्याने ह्या खोलीतली, जाळी आता पडवीत लोळतात. दोन वर्षं झाली. मला इथून कुठे जायचं नाही. मला हे गाव आवडतं, हा माणूस आवडतो, ही हट्टी बाई पण आवडते… हो, ती बाहेर गेलीय म्हणून बोलतेय. पण मला माझं कामही हवंय गं. दोन्ही हवं. हे मिळालं तर दोन्ही होतं. नाही मिळालं तर एक तर पुण्याला तुझ्या खोलीत गादी टाकायची, नाही तर ह्या कॉम्प्युटरवर कापड घालून वर फुलदाणी ठेवायची. फुलदाणी आणलीय पण नणंदेने.

नाही, रडत नाही. वारा आहे म्हटलं ना.

बरं. मग काय करायचं?… तू तिथून बदलतेस? सगळीकडे चाळीस घालतेस? हो, पाच मिनिटांचं काम आहे, कळतंय मला… त्यांना कळणार नाही कसं? आज नाही कळलं तरी दुसरं पार्सल बांधताना कळेल. पार्सल त्याच बांधणार ना. मासे त्यांनी चिरलेले, मीठ त्यांनी लावलेलं. आणि त्या एकट्या अडल्या की बाकीच्या सहा जणी अडल्या. वाडीत त्यांच्या शब्दावर माल आलाय, माझ्या नाही… फसवायला काय जातंय तुझं. मला इथे राहायचंय, जान्हवी. रोज सकाळी त्यांच्या हातचा चहा प्यायचाय.

आल्या बघ. शेवंतीकाकी आणि तुळसावहिनी, दोघींना घेऊनच आल्या. शेवंतीकाकींच्या हातात पुडकं आहे, वर्तमानपत्राचं… हो, तुझंच. थांब, विचारतेच आता सरळ.

आई, बसा. शेवंतीकाकी, तुमीपण बसा हयसर. जरा आयका. आज पाच वाजता पुण्याचे सायेब दुकान बघतले. शिल्लक एक दिसली तर काम मेळाचा नाय. चाळीस घालूक व्हये… काम म्हणजे माझा काम. नोकरीच म्हणा… नाय, मगे दुसऱ्या कोणाक देतले… व्हय. गेला तर गेला. परत कोण देवचो नाय.

…हो, जान्हवी, आहे मी फोनवर. दोघी सासूबाईंच्या तोंडाकडे बघतायत. अगं धीर धर जरा… सरांना सांग, चहा घ्या.

आई?

…काय म्हटलात?

…खरा?

जान्हवी, त्या घाल म्हणतायत. हो, चाळीस घाल. 'तुझी नोकरी जातली तर घाल गो चाळीस.' अशाच म्हणाल्या. उघड, उघड ते पान पटकन, त्यांचं मन फिरायच्या आत. बांगडे. शून्य पूस. चार, शून्य… घातलंस? आता सोडे घे…

काय, आई? पण काय?

एक मिनिट, जान्हवी.

…

त्या म्हणतायत, चाळीस घाल, पण थंयसून माझा नाव काढ. नाव गं. मालाखाली नाव आहे ना, 'गोदूबाईंच्या हातचे'. ते काढून टाक म्हणतायत. मगे तुका काय घालूचा ता घाल… नाही, रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, मीही चार शब्द बोलले असते.

हो, काढ. काढ ना. नाव काढल्याने काय बिघडतंय? वेगळा रकाना आहे त्याचा, 'कोणाच्या हातचे'. मीच वाढवलाय तो. पूस आणि सेव्ह कर.

घेत नाही? का घेत नाही?… 'हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही'. हो… मीच सक्तीचा केलाय. पुस्तकात लिहिलंय, जी माहिती नसेल तर माल विकता येत नाही, ती सक्तीची करावी. मला हीच सुचली. इथे कोणी नुसते सोडे मागत नाही गं. कोणाचे सोडे, विचारतात. शेवंतीचे म्हटलं की मगच पिशवी उघडतात.

दुसरं काहीतरी घालू? काय घालू? 'घरगुती'?… 'देवबाग'?… टिंब. टिंब दिलं तर घेईल? नुसतं एक टिंब, त्यांच्या नावाच्या जागी.

…

थांब.

जान्हवी, सेव्ह करू नकोस. थांब जरा.

नाही, काही झालेलं नाही मला. बघतेय त्यांच्याकडे. उठून परत खळ्यात गेल्यात, बांगडे उलटतायत एकेक. माझ्याकडे बघत नाहीत, फोनकडेही नाही. मी इतका वेळ तुझ्यापाशी कुरकुर करतेय ना, ही बाई अडवते, हिला काही समजत नाही. तिने एका मिनिटात देऊन टाकलं गं. तीस वर्षं उन्हात बसून तिने ते एक नाव कमावलं, आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हणाली, काढ. आणि मी तिथे टिंब टाकू? मला लाज वाटतेय, जान्हवी. खरंच लाज वाटतेय.

नाही. परत कर पहिल्यासारखं. बांगड्यांना शून्य. गेलाच आहे तो वाटा, तुझ्या नावाने बांधून ठेवलाय. नाव तसंच ठेव… हो, कळतंय मला काय होईल. ओरड, ओरडून घे. पण आधी ते चाळीस पूस.

कोण?… सर? तिथेच उभे आहेत? कधीपासून?… नको, मी काय बोलू त्यांच्याशी? अगं देऊ नकोस…

नमस्कार सर… हो सर, वर्षाली बोलतेय… जी… नाही सर, सॉफ्टवेअरची चूक नाही. मलाही आधी माझी चूक वाटली होती. पण चूक नाही ती. एक हाच आकडा बरोबर आहे… कारण फोटोत एकच वाटा आहे, सर.

हो सर… हो, सगळीकडे तसंच करतात. पुस्तकातही तसंच आहे. एक फोटो लावायचा आणि तसा माल द्यायचा. आमच्याकडे गिऱ्हाईक दाखवेल तोच द्यावा लागतो… नाही सर, कायदा नाही. पद्धत आहे.

मग चाळीस वाटे असतील तर चाळीस माल मांडायचे, सर. प्रत्येकाचा वेगळा फोटो, प्रत्येकाची शिल्लक एक. विकला गेला की पान उतरवायचं… ते आपोआप होईल. शिल्लकच्या पायरीवर एक जास्तीची सूचना लिहावी लागेल, शून्य झालं की लपव. लिहू शकते मी… हो, खूप फोटो होतील. रोज काढायचे, सर. इथे माल रोज वाळतो… वेळ जाईल, हो. माझा जाईल.

नाही, दुसऱ्या दुकानांना असं नाही करणार… खरं सांगू का सर? साड्यांचं दुकान बांधायला दिलंत, तर आधी विचारेन त्यांना, फोटोतलीच साडी देणार का म्हणून… नाही सर, उलट उत्तर नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

जी… दुसऱ्या गिऱ्हाइकाला घ्यायला काहीतरी दिसलं पाहिजे. तिसऱ्यालाही. बरोबर… किती?… पंधरा तरी. पाच वाजता. त्याच्यापुढे वेळ नाही… नाही तर नाही. समजलं, सर. धन्यवाद.

हॅलो, जान्हवी? ऐकलंस ना? पंधरा वाटे. कमी पडले तर काम त्या दुसऱ्याला, त्यात बदल नाही म्हणाले… चिडले नव्हते ना? चेहरा कसा होता?… चेहरा कळत नाही म्हणजे काय, समोर होते ना तुझ्या. बरं, राहू दे.

आता तीन पस्तीस. माझ्या लाइनीवर एक फोटो चढायला पाच मिनिटं. काढायला आणि कॉम्प्युटरमध्ये घ्यायला वेगळी दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे सत्तर मिनिटं उरली… चौदा. पाचाला भागून चौदाच येतात, तेही लाइन तुटली नाही आणि वीज गेली नाही तर. फोटो लहान करते. पण फार लहान नको, शेपटी दिसायला हवी. तुटकी असेल तर घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे… अगं थोडासाच लहान. वाद घालू नकोस आता.

तू तिथे पंधरा माल बनवून ठेव. दहा बांगडे, पाच सोडे. बांगड्यांना गोदूबाई, सोड्यांना शेवंती. शिल्लक एक. फोटोची जागा मोकळी ठेव, मी चढवत जाते… हो, मी चिडलेच होते तुझ्यावर. अजून चिडलेय. नंतर बोलू.

नाही, ठेवू नकोस एक सेकंद. कॅमेरा बघते चालतोय का. शेजारच्या रमीझभाईंनी मस्कतहून आणलेला, दोन दिवसांसाठी मागून घेतलाय… चाललाय. बॅटरीची अर्धी खूण आहे.

आई, ते बांगडे ऱ्हवांदेत. वाटे मांडा. बाजारात मांडतात तसे, धा. शेवंतीकाकी, तुमी सोडे मांडा, पाच वाटे. तुळसावहिनी, त्या मांजराक धरा… नाय, आई, चाळीस घालूक नाय… नाव थंयच आसा… थंयच आसा म्हणतंय मां. काढूक नाय तुमचा नाव.

…आहे गं जान्हवी, आहे. त्या मांडायला बसल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बसल्या.

हां, पहिलो वाटो हयसर, खिडकीकडे, उजेडात. काढतंय हां… आई, तुमचो हात येता फोटोत… नाय, काढू नकात. ऱ्हवांदे. तसोच ऱ्हवांदे.

जान्हवी, पहिल्या फोटोत हात दिसेल. तो कापायचा नाही… कोणाचा म्हणजे? खाली नाव आहे ना. फोन ठेवते.